सरकी काढून दाखव

शेषराव झाडे यांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात बारा महिने मूठभर कापूस असतो. नवख्या माणसाला वाटतं, यांचा कान फुटला असावा. गावातल्या पोरांना मात्र खरी गोष्ट ठाऊक आहे. शेषराव समोरून येताना दिसले की दहावी-बारावीची पोरं गल्ली बदलतात, आणि त्यांच्या आया त्यांना मागून कॉलर धरून पुन्हा शेषरावांपुढे उभं करतात. शेषराव नाव विचारत नाहीत, टक्के विचारत नाहीत. खिशातला कापूस काढतात, सरकीसकट म्हणजे आतल्या बियांसकट, आणि पोराच्या तळहातावर ठेवून म्हणतात, "सरकी काढ."

मग ते पाच-सात मिनिटं त्या पोराच्या बोटांकडे बघत राहतात. पोरगं घामाघूम होतं. आई पदराचं टोक चावते. शेवटी शेषराव कापूस परत घेतात, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणून बघतात आणि निकाल देतात. "हा सी.ए. होईन. दोनदा फेल होईन, तिसऱ्यांदा निंगन. घाबराचं नाई."

आमचं गाव सिंदी. वर्ध्याकडची गाडी इथे दोन मिनिटं थांबते आणि कापूस मात्र मुक्कामाला येतो. शेषरावांनी तीस वर्षं एका व्यापाऱ्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर म्हणून काम केलं. म्हणजे काय, तर कापसाची गाडी फाटकात आली की आत हात खुपसून माल कसा आहे ते सांगायचं. काही लोक वर पांढराशुभ्र कापूस पसरून आणत आणि खाली कवडी भरत. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, गाठीगाठीचा माल. शेषरावांचा हात खांद्यापर्यंत आत जायचा आणि नेमकी ती कवडी घेऊनच बाहेर यायचा. लोक त्यांना शिव्या देत, पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माल दाखवायला तयार नसत.

दम्यामुळे पन्नाशीच्या सुरुवातीलाच निवृत्त व्हावं लागलं आणि हातांना काम उरलं नाही. तेव्हा त्यांनी गावातली पोरं प्रतवारीला घेतली. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि शेषरावांच्या भिंतीला भिंत लागून राहतो, त्यामुळे हा सगळा कारभार मला फुकटात बघायला मिळाला.

त्यांचा विषय एकच. ज्या कामात खरोखर रग्गड पैसा आहे आणि जिथवर सिंदीचं पोरगं खरोखर पोचू शकतं, असं काम. क्रिकेट आणि सिनेमा ते धरत नसत. "ते लॉटरी हाये," म्हणत. बाकी कुठल्याही धंद्याची माहिती ते थेट त्या धंद्यातल्या माणसाकडून काढत. लग्नात, एस.टी.त, केळझरच्या गणपतीच्या रांगेत, कुठेही. अनोळखी माणसाला त्यांचे चार प्रश्न ठरलेले: शिकाले किती साल लागते? मधात किती जण गळते? चूक झाली त कोणाले भोवते? अन् घरी कवा येता? एकदा एका लग्नात नवरीचा मामा मर्चंट नेव्हीतला कप्तान निघाला. त्या बिचाऱ्याच्या ताटातला मसालेभात आणि वांग्याची भाजी गार झाली, जिलेबी कुणीतरी उचलून नेली, आणि तो आपला शेषरावांना जहाजावरच्या बढत्या समजावून सांगत बसला होता.

मी एकदा त्यांना विचारलं, की एवढा पैसा नेमका असतो कुठे?

"मास्तर, जे काम गावात एकालेच येते, तिथं पैसा असते. अन् जिथं चूक महाग पडते, तिथं असते. मेंदूचा डॉक्टर घ्या. मी चुकलो त भाव कमी-जास्त होईन. तो चुकला त माणूस जाईन. म्हून त्याले मोटार हाये अन् मले सायकल."

"मग सगळ्यांनी डॉक्टरच व्हावं."

"काऊन व्हावं? पंधरा वर्षं शिकत राह्यते ते पोट्टं. लगन, लेकरं, सारं फरदडीत येते." फरदड म्हणजे मुख्य वेचणी झाल्यावर त्याच झाडाला पुन्हा पाणी देऊन काढलेलं उशिराचं पीक. पायलटविषयी त्यांचं मत असं, की त्यात पैसा आहे, पण पोरगं उडायच्या आधी बापाचं वावर उडतं, म्हणून आधी बापाला विचारावं.

निकालाचे त्यांचे नियम मी हळूहळू ओळखायला लागलो. सावकाश, एकही धागा न तोडता सरकी काढणारा तो सर्जन. आधी कापूस उलटापालटा करून किती सरक्या आहेत ते मोजणारा हिशेबाच्या धंद्यातला. 'काऊन काढू?' असं विचारणारा वकील. स्वतः न काढता शेजारच्या पोराकडून काढून घेणारा मोठ्या कंपनीत साहेब. शेजारच्या कोमटी वॉर्डातली एक मुलगी सरकी काढायचं सोडून ती कापसात कशी बसलीय हेच निरखत राहिली. शेषराव म्हणाले, "हे मशीनच्या पोटातलं मशीन बनवन." ती आज बंगळुरात चिपची नक्षी आखते आणि तिच्या बापाने घरावर दुसरा मजला चढवलाय. माझ्या स्वतःच्या चिरंजीवांनी तो कापूस नाकाखाली लावून मिशा केल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शेषराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "हा विकाच्या लाइनीत जाईन. साबण नाई, मोठ्या मशिनी. दवाखान्याच्या. कमिशन लय असते, मास्तर, तुमी तोंड पाडू नोका."

सगळे अंदाज खरे ठरत असं नाही. ज्याला त्यांनी हृदयाचा सर्जन ठरवलं होतं त्याने स्टेशनसमोर पोह्यांची गाडी टाकली. शेषराव रोज तिथे पोहे खातात आणि त्याची मिरची चिरण्याची पद्धत लोकांना दाखवतात. "पाहा हात. जाग्यावर पोचला नाई, पण हात त तोच हाये ना?" पोहेवाल्याचं चांगलं चाललंय, पण शेषरावांना त्याच्याकडे बघून अजून हळहळ वाटते.

एकदा मंगल कार्यालयात 'वर्षभरात करोडपती' शिकवणारा एक टायवाला गृहस्थ नागपूरहून आला. हॉल भरला. प्रश्नोत्तरांच्या वेळी शेषराव उठले, मंचावर गेले आणि त्याच्या हातावर कापूस ठेवून म्हणाले, "सरकी काढा." तो हसला. म्हणाला, काका, माझं एक मिनिट लाखाचं आहे. शेषरावांनी कापूस परत घेतला, लोकांकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "कवडी." पुढल्या पाच मिनिटांत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्या गृहस्थाला शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्याला नेमकं काय झालं.

या सगळ्या दरबारात चहा आणून देणारी आणि पोरं गेल्यावर ओसरीवर पडलेली सरकी झाडून घेणारी त्यांची मुलगी म्हणजे पल्लवी. एकुलती एक. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. अकरावी-बारावीला ती माझ्या वर्गात होती. मी तीस वर्षं गणित शिकवतोय, आणि स्पष्टच सांगतो, असं डोकं मला दुसरं मिळालं नाही. मी फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार असायचं, आणि ते ती सांगायची नाही. मी विचारलं तरच सांगायची. पुढे गाडीने वर्ध्याला जाऊन-येऊन गणितात बी.एस्सी. केलं आणि घरीच चौथी-पाचवीच्या शिकवण्या घ्यायला लागली.

एक गोष्ट मी फार उशिरा पाहिली. ओसरीवर एखाद्या पोराची परीक्षा चालू असली की पल्लवी दाराशी उभी असायची, आणि शेषरावांनी तोंड उघडण्याआधी तिचे ओठ हलायचे. ती पुटपुटायची, "नेव्ही." मग शेषराव म्हणायचे, "मर्चंट नेव्ही." कधीच चुकायची नाही. तिच्या लहानपणापासून तिथे शेकडो पोरं येऊन गेली होती. वडिलांची सगळी विद्या तिच्याकडे आली होती, आणि वडिलांनी तिच्या हातावर मात्र एकदाही कापूस ठेवला नव्हता.

मी छेडलं की शेषराव म्हणायचे, "ओल हाये अजून. वाळू द्या." ओला कापूस तोलता येत नाही, हे खरं. पण मुलगी एकवीस वर्षांची झाली होती.

शेवटी मीच एक उपद्व्याप केला. ॲक्चुअरी नावाचा एक धंदा आहे. विमा कंपन्यांसाठी माणसांच्या आयुष्याचा, आजारांचा, अपघातांचा गणिताने अंदाज बांधणारे लोक. परीक्षा एकामागून एक, सहा-सात वर्षं सहज जातात, पुष्कळजण मध्येच सोडून देतात. पण जे पार होतात त्यांचा पगार ऐकून माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला आपण भलत्याच रस्त्याने आलो असं वाटतं. पल्लवीला मी त्याच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायला लावला. 'सर म्हणतात म्हणून' ती बसली आणि पास झाली. मग पुण्याच्या एका विमा कंपनीने तिला शिकाऊ म्हणून बोलावलं. नोकरी करायची आणि परीक्षा द्यायच्या. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. शुक्रवारी पल्लवी माझ्या घरी आली आणि म्हणाली, "सर, मी नाई म्हून कळवून राह्यली."

"का?"

"बाबाले दमा हाये. जिनिंगची धूळ हाये ना ते. गोया घ्याच्या त्यायले ध्यानात राहत नाई."

"बाबांना विचारलंस?"

"विचाराचं काय त्यात?"

रविवारी सकाळी मी ते पत्र घेऊन शेषरावांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि माझ्याकडे परत दिलं. "ओल हाये अजून, मास्तर."

मी सहसा तापत नाही. गणिताच्या माणसाला ते परवडत नाही. पण त्या दिवशी तापलो. "शेषराव, भाव वाढेल म्हणून लोक कापूस घरात भरून ठेवतात, त्यांना तुम्ही काय म्हणता? वजन जातं, रंग जातो, घरभर खाज सुटते ती वेगळी. आणि तुम्ही काय केलंय?"

मला वाटलं, आता भिंतीपलीकडचं शेजारपण संपलं. पण शेषरावांनी खिशात हात घातला आणि हाक मारली, "पल्लवी, इकडे ये व."

ती हात पुसत आली. त्यांनी तिच्या तळहातावर कापूस ठेवला. 'सरकी काढ' म्हणायचं राहूनच गेलं त्यांच्याकडून. ती खाली बसली आणि कामाला लागली, आणि मी बघतच राहिलो. इतकं गचाळ काम मी त्या ओसरीवर पाहिलं नव्हतं. धागे तोडले, सरकीला कापूस चिकटलेला तसाच सोडला, मध्येच उठून कुकर बंद करून आली, दोन सरक्या आतच राहू दिल्या. "झालं बाबा," ती म्हणाली, "मले हे असलं जमत नाई." शेषरावांच्या कुठल्याही नियमाने हा निकाल एकच होता, आणि तो तिला पाठ होता. पुण्याबिण्याचं नावच काढायचं नाही.

शेषरावांनी तो कापूस उचलला, अंगठ्यांत धरला आणि ताणला. पुन्हा ताणला. नेहमीपेक्षा फार वेळ लावला त्यांनी.

"मास्तर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीस वर्षं गाड्यायमधी हात घातला. वरतं चांगला माल टाकून खालतं कवडी लपवणारे लय पाह्यले. वरतं कवडी टाकून खालतं चांगला माल लपवणारी हे पहिलीच हाये."

पल्लवी ओसरीवर सांडलेल्या सरक्या वेचायला लागली.

"तुले वाटलं मले समजणार नाई?" ते तिला म्हणाले. "तुह्या हातावर मी कधी कापूस नाई ठेवला, काऊन? निकाल मले आंधीच मालूम होता. तू दहा वर्षांची होती तवापासून मालूम होता. सांगतला असता त तू गेली असती. मले भेव वाटे, बाई. सारे पोट्टे मी गाडीत बसवून देल्ले, एक तू राहू दे म्हणे मी."

"अन् तुमाले गोया कोण देईन?"

"मी घेईन."

"अन् सैपाक?"

"वांगं येते मले."

"रोज वांगं खान काय?"

"खाईन. तू जाजो."

त्या दोघांनी बराच वेळ वांग्यावरच भांडण केलं. मी तिथून उठलो, कारण दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याकडे रुमाल नव्हता. सोमवारी तिने होकार कळवला.

पंधरा दिवसांनी आम्ही तिला गाडीत बसवलं. शेषरावांनी खिडकीतून तिला गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली, आठवडाभर नेमाने घेतल्याचा पुरावा म्हणून. गाडी सुटली. ते फलाटावर थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "चला, मास्तर, उन्ह होऊन राह्यलं."

मला वाटलं होतं, घरचीच पोरगी मार्गी लागल्यावर आता ओसरीवरची गर्दी आणखी वाढेल. झालं उलट. शेषराव आठवडाभर बाहेरच दिसले नाहीत. आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला ते माझ्या दारात उभे. हातात दोनशे पानी वही आणि पल्लवीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक.

"मास्तर, पोरगी फोनवर पेपराचं सांगते. संभाव्यता का काय. मी नुसता हो हो करतो. तिले वाटते बाबाले समजून राह्यलं. मले सुरुवातीपासून शिकवा."

तेव्हापासून ते रोज येतात. वय चौसष्ट, शिक्षण नववी नापास. नाणं उडवलं तर छाप येण्याची शक्यता निम्मी, हे समजायला त्यांना चार दिवस लागले, कारण त्यांनी घरी जाऊन खरंच नाणं उडवून पाहिलं आणि निम्म्याला निम्मं येईना. तरी चिकाटी सोडली नाही. माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा त्यांची वही स्वच्छ आहे. संध्याकाळी पल्लवीचा फोन आला की भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, "मंग लाल गोटी निंगाची शक्यता किती होती?" आणि ती सांगते ते शब्द मोठ्याने म्हणत ते वहीत उतरवून घेतात.

परवा सकाळी उदाहरण सोडवता सोडवता ते थांबले.

"मास्तर, हे पल्लवीचे लोक माणूस किती वर्षं जगते याचं गणित करते, खरं ना?"

"करतात."

"तिच्या परीक्षा सरायले सात वर्षं त लागनच. चौसष्ट वय, दमा, जिनिंगमधी तीस वर्षं. काढून द्या मले. मी तवरी राह्यतो का नाई, इतकंच."

मी त्यांना खरं तेच सांगितलं. हे गणित लाखभर माणसांचं मिळून मांडता येतं, एकट्या माणसाचं कुणालाच सांगता येत नाही.

त्यांनी मान हलवली. पेन्सिलीचं टोक बघितलं. बाहेर माझ्या बायकोने चहा झाल्याची हाक मारली, तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

"मंग मी विचारलं होतं म्हून तिले सांगजा नोका," ते म्हणाले. "पेपरात ध्यान लागणार नाई तिचं."

आणि त्यांनी वही पुढे ओढून पुढचं उदाहरण लिहून घ्यायला सुरुवात केली.